मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी घेणारा स्वयंसेवक कसे व्हावे

फेडोरा या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, साधारणपणे एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांत, प्रसिद्ध होते. तारीख आधीच जाहीर झालेली असते, परंतु ती पाळायची की पुढे ढकलायची याचा निर्णय प्रसिद्धीच्या काही दिवस आधी ‘गो-नो-गो’ नावाच्या बैठकीत होतो आणि त्या बैठकीपुढे मुख्य प्रश्न एकच असतो: प्रसिद्धी रोखून धरावी इतका गंभीर दोष अजून शिल्लक आहे का? फेडोरा १८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये अपेक्षित होती. तिचा इन्स्टॉलर नव्याने लिहिलेला होता आणि त्यातले दोष निस्तरता निस्तरता १५ जानेवारी २०१३ उजाडला. फेडोरा ३७ ही ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीतील (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) त्रुटीची दुरुस्ती येईपर्यंत थांबवून ठेवण्यात आली आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी बाहेर पडली. प्रसिद्धी अडवणाऱ्या अशा दोषाला तेथे ‘ब्लॉकर’ म्हणतात. एखादा दोष ब्लॉकर मानावा असा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. त्यासाठी प्रकल्पात नोकरी असावी लागत नाही की प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही; प्रसिद्धीचे निकष लिहून ठेवलेले आहेत आणि आपल्याला दिसलेला दोष त्यांपैकी कोणत्या निकषाचा भंग करतो, एवढे दाखवून द्यावे लागते.

चाचणीचे काम स्वयंसेवकाच्या हाती कितपत असते, हे यावरून लक्षात यावे. पुढील विवेचनासाठी मी फेडोराचेच उदाहरण घेतले आहे, कारण तिची चाचणीची पद्धत संपूर्णपणे उघड्यावर चालते. डेबियन, उबंटू किंवा ओपनसुसे या इतर मुक्तस्रोत प्रणालींची नावे आणि साधने वेगळी असली, तरी कामाचा गाभा तोच आहे.

यंत्रे चाचणी घेत असताना माणसे कशासाठी

फेडोरा आणि ओपनसुसे या दोन्ही प्रकल्पांत ओपनक्यूए नावाची स्वयंचलित यंत्रणा आहे. ती नव्या आवृत्तीचे इन्स्टॉलेशन स्वतः करते, पडद्यावर अपेक्षित चित्र दिसते का हे तपासते, योग्य ठिकाणी क्लिक करते आणि निकाल नोंदवते. हे काम ती न थकता रोज करते. परंतु यातील बहुतेक चाचण्या वर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली संगणकावर, होतात. अशा संगणकाला खरे वायफाय कार्ड नसते, झाकण मिटले की झोपी जाणारा पडदा नसतो आणि सहा वर्षे वापरून दमलेली बॅटरीही नसते. तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये हे सारे असते.

हा फरक किती महाग पडू शकतो याची दोन उदाहरणे सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स कर्नलची, म्हणजे या साऱ्या प्रणालींच्या गाभ्याची, २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असताना, ती वापरणाऱ्या चाचणीकारांच्या संगणकांतील इंटेलची काही नेटवर्क कार्डे अचानक निकामी होऊ लागली, कारण कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीतील माहितीच पुसली जात होती. फेडोरा, उबंटू, ओपनसुसे यांच्या अपक्व आवृत्त्या वापरणाऱ्यांनी हे कळवले, शोध सुरू झाला आणि कर्नलचा मागोवा घेणारी एक सुविधा स्मृतीत भलत्याच जागी लिहीत असल्याचे निष्पन्न झाले. ऑक्टोबरमध्ये ती आवृत्ती बाहेर पडली तेव्हा कार्डांच्या स्मृतीवर असे लिहिले जाऊ नये याची तजवीज केलेली होती. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबंटू १७.१० मुळे काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बिघाड होऊन त्यातील बदल जतन होईनासे झाले. हा दोष प्रसिद्धीपूर्वी पकडला गेला नाही. डिसेंबरमध्ये ती आवृत्ती डाउनलोडसाठी मागे घ्यावी लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त प्रत आली. दोष ठरावीक मॉडेलांवरच उमटत होता आणि प्रसिद्धीपूर्वी त्या मॉडेलांवर तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. आपला संगणक साधा, जुना किंवा भारतीय बाजारातच मिळणाऱ्या मॉडेलचा आहे ही चाचणीच्या दृष्टीने उणीव मुळीच नाही. तो चाचणीकारांच्या ताफ्यात अजून कोणाकडेही नसण्याची शक्यता असते आणि म्हणूनच तो हवा असतो.

पहिल्या उदाहरणातील कार्डे चाचणीकारांची होती, हेही विसरता कामा नये. ज्या संगणकावर पोटापाण्याचे काम चालते किंवा घरातील छायाचित्रांची एकमेव प्रत ज्यावर आहे, त्यावर अपक्व आवृत्ती कधीही टाकू नये. जुना लॅपटॉप असेल तर उत्तम. नसेल तर वर्च्युअल मशीनपासून सुरुवात करावी. त्यात वायफाय, झोप-जाग किंवा ग्राफिक्स यांची खरी परीक्षा होत नाही, मात्र इन्स्टॉलर, भाषा, कीबोर्ड आणि रोजची ॲप्लिकेशने यांची होते, आणि तेवढ्यानेही पुष्कळ काम होते. बॅकअप दोन ठिकाणी घ्यावा आणि त्यातली एखादी फाइल परत मिळवून पाहावी, कारण परत न मिळवता येणारा बॅकअप हा बॅकअप नव्हे.

कोणत्या टप्प्यावर उतरावे

फेडोराचे सॉफ्टवेअर वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी काही टप्प्यांतून जाते. सर्वांत आधीचा टप्पा रॉहाइड हा आहे. तेथे रोज नवे बदल येतात आणि काल चालणारी गोष्ट आज बंद पडू शकते. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास रॉहाइडमधून पुढील आवृत्तीची फांदी फुटते, महिनाभराने तिची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती येते आणि मग केवळ ब्लॉकर व काही मोजके मान्य दोष दुरुस्त करत करत अंतिम आवृत्ती सिद्ध होते. याखेरीज आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीसाठीही रोज अपडेट तयार होत असतात आणि ते सर्वांना मिळण्यापूर्वी ‘अपडेट्स-टेस्टिंग’ नावाच्या वेगळ्या भांडारात थांबतात.

नव्या माणसाने या शेवटच्या ठिकाणापासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. तेथे बाकीची सारी प्रणाली स्थिर असते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते. त्यामुळे काही बिघडले तर ते कशाने बिघडले हे शोधणे नवख्यालाही जमते. रॉहाइडवर एका सकाळी दोनशे पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे घटक, बदलतात आणि त्यानंतर आवाज येईनासा झाला, तर दोष कोणाच्या पदरात घालावा हे अनुभवी माणसालाही चटकन सांगता येत नाही.

ही चाचणी बोधी नावाच्या व्यवस्थेतून चालते. तेथे प्रत्येक प्रलंबित अपडेटचे पान असते आणि फेडोराचे विनामूल्य खाते उघडले की त्यावर अभिप्राय देता येतो. त्यात काय बदलले, कोणता दोष दुरुस्त झाला आणि आतापर्यंत कोणी काय अनुभव नोंदवला हे दिलेले असते. तेथील अभिप्रायाला ‘कर्म’ असे नाव आहे. अपडेट नीट चालला तर अधिक एक, पूर्वी चालणारी गोष्ट बिघडली तर उणे एक. पुरेसे अधिक कर्म जमले की अपडेट लवकर सर्वांपर्यंत जातो, उणे कर्म साठले तर तो अडतो आणि कोणीच काही बोलले नाही तर ठरावीक मुदत, साधारणपणे एक आठवडा, संपल्यावर पॅकेज सांभाळणारी व्यक्ती तो पुढे पाठवू शकते. शेवटची शक्यता वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. कोणीही चाचणी न घेतलेले अपडेटही मुदतीनंतर सर्वांच्या संगणकांवर जाऊ शकतात, आणि फारसे कोणी न वापरणाऱ्या पॅकेजांच्या बाबतीत असे सर्रास घडते.

समजा, छपाईची व्यवस्था पाहणाऱ्या कप्स या पॅकेजचा अपडेट चाचणीसाठी आला आहे. तो घेण्यापूर्वी एक पान छापून पाहावे, म्हणजे आधी सारे ठीक होते हे स्वतःला माहीत राहते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग जुना दोष नव्या अपडेटच्या माथी मारतात. त्यानंतर बोधीच्या पानावर दिलेली आज्ञा वापरून तेवढाच एक अपडेट घ्यावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि आपण प्रिंटर एरवी ज्या ज्या प्रकारे वापरतो त्या प्रत्येक प्रकारे वापरून पाहावा: मराठी मजकुराचे पान, दोन्ही बाजूंची छपाई, मध्येच रद्द केलेले काम, कागद संपल्यावर येणारी सूचना. मग अधिक एक देताना ‘चालले’ एवढेच न लिहिता प्रिंटर कोणता, जोडणी केबलने की वायफायने आणि काय काय छापले हे दोन ओळींत लिहावे. उणे एक देणे ही अधिक जबाबदारीची गोष्ट आहे. दोष आधीपासूनचा असेल तर त्यासाठी उणे कर्म देऊ नये, कारण त्याने इतरांना हव्या असलेल्या दुरुस्त्याही अडकून पडतात. अपडेट मागे घेऊन पाहावे. डीएनएफ या पॅकेज व्यवस्थापकात मागील व्यवहार उलटवण्याची सोय आहे. मागे घेतल्यावर दोष गेला आणि पुन्हा घेतल्यावर परत आला, तर उणे एक निःशंकपणे द्यावे.

बीटाच्या दिवसांत काम करायचे असेल, तर आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची संपूर्ण प्रत, डाउनलोड करून तिची एसएचए२५६ बेरीज, म्हणजे फाइलीवरून काढलेला पडताळणीचा संकेत, जुळवून पाहावी आणि मगच ती पेनड्राइव्हवर उतरवावी. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन फसते आणि प्रकल्पातील कोणीतरी नसलेल्या दोषाच्या मागे संध्याकाळ घालवते. या काळात ‘टेस्ट डे’ किंवा ‘टेस्ट वीक’ ही होतात. नवा कर्नल, नवे डेस्कटॉप किंवा भाषांची सोय असा एकच विषय घेऊन चाचण्यांची यादी दिलेली असते, प्रत्येक चाचणीचे टप्पे लिहिलेले असतात आणि निकाल भरायचा असतो. एकट्याने चाचपडण्यापेक्षा येथे शिकणे सोपे जाते.

दोषाची नोंद कशी करावी

दोष दिसणे हे अर्धेच काम आहे. दुरुस्ती करणारी व्यक्ती बहुधा दुसऱ्या देशात असते, तिच्यासमोर तुमचा संगणक नसतो आणि तिला तुमची भाषाही येत नसते. तिने तुमची नोंद वाचून तोच दोष स्वतःच्या संगणकावर घडवून पाहिला, की दुरुस्तीचा मार्ग मोकळा होतो. तो तिला घडवता आला नाही, तर उत्तम प्रोग्रॅमरही काही करू शकत नाही. म्हणून नोंदीचा कस एकाच गोष्टीवर लागतो: अनोळखी माणसाला ती वाचून तोच दोष पाहता येतो का?

मराठीचेच एक उदाहरण जवळून पाहू. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि दरी या शब्दाचे अनेकवचन ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच गुरू आणि स्वयंपाकी यांच्याइतका फरक आहे. दुसऱ्या प्रकारातील अर्धा र युनिकोड या अक्षरांच्या संकेतपद्धतीत ऱ हे अक्षर, म्हणजे ०९३१ हा संकेतांक, आणि त्यापुढे हलन्त असा लिहिला जातो. फाँट किंवा अक्षरे जुळवणारी लायब्ररी यांत गफलत झाली, तर तेथे पाय मोडलेला ऱ सुटा उभा राहतो किंवा त्याचा रफार होऊन दऱ्यांचा समुद्र होतो. आता नवख्या माणसाने केलेली नोंद अशी असते: ‘मराठी नीट दिसत नाही. कृपया लवकर दुरुस्त करा.’ तिच्यात खोटे काही नाही, पण ती वाचणाऱ्याला एक पाऊलही टाकता येत नाही.

तीच नोंद अशी करता येते. शीर्षक: ‘टेक्स्ट एडिटरमध्ये ठळक अक्षरांत ऱ आणि य यांचे जोडाक्षर तुटते’. त्याखाली फेडोराची आवृत्ती, ॲप्लिकेशनची आवृत्ती आणि फाँटचे नाव. मग टप्पे: नवी फाइल उघडा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा, द, मग शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, य आणि काना अशा कळा दाबा, फाँट ठळक करा. काय दिसायला हवे आणि प्रत्यक्षात काय दिसते हे स्वतंत्रपणे लिहून दोन्हींची चित्रे जोडावीत, आणि ज्यावरून नक्कल करता येईल असा मूळ शब्दही मजकुरात द्यावा, कारण चित्रातील शब्द कोणालाही चिकटवून पाहता येत नाही. शेवटी दोन गोष्टी, ज्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचे तासन्‌तास वाचतात: हे दर वेळी घडते की कधीतरी, आणि मागील आवृत्तीत घडत होते का. शक्य असेल तर तोच शब्द दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये आणि दुसऱ्या फाँटने पाहावा. सगळीकडे तुटत असेल तर संशय लायब्ररीवर जातो, एकाच फाँटमध्ये तुटत असेल तर फाँटवर. नोंद इंग्रजीत करावी लागते, पण लहान, साधी वाक्ये पुरेशी असतात. टप्पे स्पष्ट असतील तर व्याकरणाच्या चुकांची कोणी पर्वा करत नाही.

अशा दोषांच्या नोंदी मराठी वाचणाऱ्यांनीच करायला हव्यात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बर्लिनमधला चाचणीकार कितीही काटेकोर असला तरी ‘वऱ्हाड’ हा शब्द मोडला आहे हे त्याच्या लक्षात येणार नाही. ‘ॲ’ हे अक्षर टंकता येते का, ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात का, बॅकस्पेस दाबल्यावर जोडाक्षराचा शेवटचा भाग जातो की सारे अक्षर, मराठी नावाची फाइल शोधल्यावर सापडते का, अशा बाबींकडे यंत्राचे लक्ष जात नाही. शोधाच्या बाबतीत एक मेख आहे: ‘कऱ्हाड’ हा शब्द ऱ ऐवजी साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात, आणि एका रूपात शोधले तर दुसरे हाती लागत नाही.

नोंद करण्यापूर्वी तोच दोष आधी कोणी कळवला आहे का हे शोधावे. असेल तर नवी नोंद न करता तिथेच आपल्या संगणकाची माहिती जोडावी. प्रणालीची रोजनिशी म्हणजे लॉग जोडताना त्यात आपल्या वायफायचे नाव, वापरकर्त्याचे नाव किंवा फाइलींची नावे उघडी पडत नाहीत ना हे पाहावे, कारण ही नोंद जगातील कोणालाही वाचता येते.

‘काहीतरी वेगळे वाटते’ हेही सांगण्याजोगे असते

दोष नेहमीच ठळकपणे समोर येत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रॅमर डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेवर वेगाच्या मोजण्या करत होते. दूरस्थ लॉगिनची प्रक्रिया विनाकारण जास्त प्रोसेसर वापरते आणि ज्याला ०.३ सेकंद लागायचे त्याला ०.८ सेकंद लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कारण शोधत नेले, तेव्हा एक्सझेड या माहिती दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी जाणूनबुजून चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या रॉहाइडमध्ये पोहोचल्या होत्या, पण मुख्य स्थिर आवृत्त्यांत अजून गेल्या नव्हत्या. फ्रॉइंड हे कसलेले प्रोग्रॅमर आहेत आणि तसा शोध नवख्याला लागणार नाही, हे खरे. परंतु अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकण्यासाठी आधीचा वेग ठाऊक असावा लागतो आणि तो रोज वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो. पंखा अधिक फिरतो, लॅपटॉप जागा व्हायला वेळ लागतो, बॅटरी तासभर आधी संपते, अशी लक्षणे वहीत तारखेसह टिपून ठेवावीत. चार दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा दिसली, तर कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या अपडेटनंतर, हे त्या टिपणावरून सांगता येते.

नोंदीला लगेच उत्तर येईलच असे नाही. कधी विकासक आणखी माहिती मागतो. ती आठवड्याभरात दिली तर धागा जिवंत राहतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते आणि तिची मुदत संपली की तिच्यावरील उरलेल्या नोंदी आपोआप बंद होतात. अशी सूचना आल्यावर नव्याने शिकणारे अनेक जण नाराज होऊन काम सोडतात. तसे न करता नव्या आवृत्तीवर तेच टप्पे करून पाहावेत. दोष उरला असेल तर नोंदीतील आवृत्तीचा क्रमांक बदलून ती पुन्हा उघडावी, गेला असेल तर तसे लिहावे.

आणि एखाद्या दिवशी दुरुस्ती येते. बोधीत नवा अपडेट दिसतो, त्याच्या पानावर तुमच्या नोंदीचा क्रमांक असतो आणि त्या एका दोषापुरता वेगळा अभिप्राय देण्याची सोय असते. तेव्हा तो अपडेट घ्यावा, नवी फाइल उघडावी, द, शिफ्टसह र, हलन्त, य आणि काना याच कळा दाबाव्यात, फाँट ठळक करावा आणि ‘दऱ्या’ हा शब्द आता अखंड दिसतो का ते पाहून निकाल नोंदवावा.